कंपनी फिटिंग

दस्तगीर मिस्त्रीनं क्रँक डिझेलनं धुतला,
मायक्रोमीटर लावला. पुसून पुन्हा लावला.
"तीसला गेलेला हाय. इंजिन उघडलंय कुणीतरी."

आण्णा मरेपर्यंत सांगायचे,
हिला पान्हा लागलेला नाही.
शिराळ्याहून चांदोलीकडं जाताना
चढाला जीप फर्स्टमध्ये टाकून
मागं बसलेल्या परक्यांनाही तेच.

कुपवाडच्या शेडात, बाकड्यावर
लायनर नवे, तेलकट कागदात.
पिस्टन दोन कंपन्यांचे;
मी स्वस्तातले उचलले,
त्यानं न बोलता माझ्या हातातून घेतले.
रिंग लायनरात सोडून फट चाचपली,
एक नापास, एक नापास, मग हूं.
वॉटर पंप जुनाच ठेवायचा,
"असलं बीड आता ओतत न्हाईत."

मग कनेक्टिंग रॉड दाराच्या उजेडाला धरला.
कडेला पंचाचे तीन ठिपके.
अंगठा त्यांच्यावरून दोनदा फिरला.
"अब्बांची खूण," म्हणाला,
आणि पोराला चहा सांगितला.

क्रँक नवा घ्यायचा, की हाच घासायचा?
चाळीसला जाईल.
त्यापुढचं बेअरिंग मिळत नाही.

चाळीस करा, म्हणालो.
आणि कुणी विचारलंच, मिस्त्री,
तर कंपनी फिटिंग आहे.