वाहक

शून्य वर्ष म्हणतात आमच्या वर्षाला.
नोटीस बोर्डावर ‘पायाभूत अभ्यासक्रम, जीवरसायनशास्त्र’ असं आहे,
पण कॅन्टीनवाला मानमोडेसुद्धा विचारतो,
“झिरोवाले का जी? मग उधारी नाही.”

आम्ही अकरा जण.
एक कॉमर्सचा, एक डी.एड. करून बसलेली,
मुस्तकीम, मोमिनपुऱ्यात पहाटे पाव रचून येणारा,
हातांना यीस्टचा वास.
आणि मी, चोवीस वर्षांची,
धंतोलीतल्या लॅबचं रक्त पोचवत होते काल-परवापर्यंत.

चार वर्षं स्कूटीच्या डिक्कीत
जांभळी टोपणं, लाल टोपणं, राखाडी.
टोपण कळायचं. आतलं नाही.
रहाटे कॉलनीच्या सिग्नलला पंचेचाळीस डिग्रीत
बर्फाची पिशवी वितळू नये म्हणून
पाठीनं ऊन अडवायची.
एकदा बारकोडखाली नाव होतं
सुकेशनी गेडाम, वय सोळा.
माझीच बहीण. तेही नुसतं पोचवलं,
पावती घेतली.

पहिले तीन महिने फक्त मोजणं.
मोल म्हणजे किती, लॉग म्हणजे काय,
ब्युरेटची तोटी किती हलक्या हातानं.
एक थेंब जास्त, आणि गुलाबी गडद होतं,
मग ओता बेसिनमध्ये, करा पहिल्यापासून.
ठवरे मॅडम रागवत नाहीत.
“आम्ल पाहिजे तितकंच सहन करतं,” म्हणतात,
आणि दुसरा फ्लास्क पुढे सरकवतात.

जानेवारीत ती नळी आली.
रक्ताचा थेंब, वर द्रावण,
मागे पांढरा कागद, कागदावर काळ्या रेघा.
रेघा वाचता आल्या तर प्रश्न मिटला.
मॅडम म्हणाल्या, सक्ती नाही कुणावर.
मी बोट पुढे केलं.

पाच मिनिटं.
मुस्तकीमच्या रेघा लख्ख होत्या,
तो लाजल्यासारखा बाजूला झाला.
माझ्या रेघा गढूळात बुडाल्या.

आठवड्यानं जेलवर दोन पट्टे आले,
एक जागेवर पोचलेला, एक मागे रेंगाळलेला.
मॅडमनी वहीत एकच शब्द लिहिला: वाहक.

हा शब्द आमच्या घरी खुंटीला असतो.
खाकी शर्टाच्या खिशावर, पितळी:
वाहक, गणेशपेठ आगार.
एकतीस वर्षं नागपूर–गोंदिया,
एकतीस वर्षं कुणालाही विनातिकीट नेलं नाही
असं बाबा सांगतात. खोटं असणार थोडं.

मे महिन्यात सुकेशनीचं दुखणं पुन्हा उठलं.
गुडघे, पाठ, मग बोलणंच बंद.
दुसऱ्या रात्री उतार पडल्यावर म्हणाली,
“येवढं शिकून राह्यली, तर सांग ना मले,
दुखते ते हाय तरी काय?”

पुस्तकातलं मराठी तोंडात येईना.
म्हटलं, समज एक गाडी आहे,
एकशे सेहेचाळीस सीटांची.
सगळे आपापल्या जागी. फक्त सहाव्या सीटवर
ज्याचं रिझर्वेशन होतं तो नाही, भलताच बसलाय.
गाडी चालते. हवा असली तर कळतही नाही.
हवा कमी पडली की तो शेजारच्या गाडीला हात घालतो,
ती पुढच्या गाडीला,
मग अख्खा रस्ता जाम.

ती हसली. “एका सीटसाठी येवढं?”

बाबा दारात उभे होते, किती वेळ माहीत नाही.
हातात बादली, कूलरसाठी.
म्हणाले, “त्या सहाव्याचं तिकीट कोनं फाडलं?”

मला उत्तर येत होतं.
अर्धं त्यांनी, अर्धं आईनं,
दोघांच्याही बॅगेत ते दुमडून पडलेलं,
आणि माझ्याही बॅगेत अर्धं आहे.
परीक्षेत दोन मार्कांना येतो हा प्रश्न.

कूलरच्या टाकीत पाणी पडत राहिलं.
“पानी पी, माय,” ते सुकेशनीला म्हणाले,
आणि तिनं ग्लास संपवेपर्यंत
उभेच राहिले,
सुट्टे पैसे परत द्यायचे असल्यासारखे.