कडी

बिस्मार्कच्या विधानभवनात शिरताना
पहारेकऱ्यानं माझी पिशवी ट्रेमध्ये उलटी केली :
किल्ल्या, च्युइंगम, गुडघ्याचं मलम
आणि पितळेची एक कडी, चार स्क्रूंसकट.
"हे काय?"
"पुरावा," मी म्हणाले.
"धातू आहे," म्हणाला, आणि लिफाफ्यात घालून ठेवून घेतली.

तर समितीपुढे बसले ती रिकाम्या हातानं.
बोलायला तीन मिनिटं. समोर दिवा.
बलादच्या रस्त्यावर इंधनाचा टँकर हाकताना
तीन मिनिटं संपता संपत नसत.
इथं अध्यक्षांनी चष्मा पुसला
त्यातच अर्धं गेलं.

सांगितलं :
आर्डिस क्वाम, वय एक्क्याऐंशी,
प्लेकूच्या इस्पितळात परिचारिका.
पाय कापलेल्या पोरांचे बूट ती जोडीनं बांधून ठेवायची,
एकटा बूट तिला बघवत नसे.
आता तुमच्या माजी सैनिकांच्या निवासात आहे.
बावन्न पुरुष, आणि ती.
न्हाणीघर एकच. दाराला कडी नाही,
कुणी आत पडलं तर उघडता यावं म्हणून.
नियम बरोबर आहे. म्हातारी माणसं पडतात.
आर्डिस पहाटे साडेतीनला उठते अंघोळीला.
दाराला आतून खुर्ची लावते,
खुर्चीवर बादली, बादलीत चमचे :
कुणी ढकललंच तर वाजावेत.

का, ते कुणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
तिनं मला कधी सांगितलेलं नाही, मी तिला माझं नाही.
आम्हाला चमचे कळतात.

मग कलम सात वाचून दाखवलं :
'निवासी आपल्या पत्नीसह राहू शकेल.'
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
म्हटलं, आर्डिसला पत्नी नाही,
असती तर बरं होतं,
दार धरून उभी राहिली असती.

दिवा पिवळा.
आमदार ब्रेकमो, साखर-बीटवाले, सज्जन माणूस :
"खर्च किती?"
चार डॉलर वीस सेंट, स्क्रू धरून.
बाहेरून नाण्यानं उघडते,
दाखवायलाच आणली होती.
"पण एका बाईसाठी कायदा बदलायचा?"
एकच आहे, कारण बाकीच्या बघून गेल्या.
न्हाणीघर बघितलं, परत गाडीत बसल्या.
त्यांची मोजदाद कुठल्या रकान्यात

लाल.

पुढच्या अधिवेशनात, म्हणाले.
आमच्याकडे अधिवेशन दोन वर्षांनी भरतं.
बीटाची दोन पिकं. आर्डिस त्र्याऐंशी.

पहारेकऱ्यानं लिफाफा परत दिला,
वर माझं आडनाव, चुकीचं, आणि आधी 'श्री.'

नव्वद मैल गाडी मारली, बर्फ भुरभुरत होता.
निवासाच्या मागच्या दारानं शिरले.
स्क्रूड्रायव्हर गाडीत असतोच.
परवानगी कुणाची घेतली नाही, हे इथं लिहून ठेवते,
पुढच्या वेळी विचारतील.
एक स्क्रू वाकडा बसला.

आर्डिसनं कडी दोनदा लावून पाहिली, दोनदा काढली.
मग टॉवेल घेऊन आत गेली.
भरदुपारी.
खट्.

पाण्याचा आवाज येत राहिला.
कुणी एक म्हातारा वॉकर सरकवत आला,
दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
आणि भिंतीला टेकून थांबला, रांगेत थांबावं तसा.
पाऊण तास झाला.
मला अजून घर गाठायचं होतं.
मी दार वाजवलं नाही.