सतरा लगाम

सारंगखेड्याच्या यात्रेत, पाचव्या रात्री
चित्रलेखा गिरासे आणि मी
सतरा लगाम चोरले. काटेरी.
जिभेत रुततात तेव्हा घोडा नाचतो,
बघणाऱ्यांना वाटतं, ढोलावर.

बॅटरी माझ्या हातात होती.
मी जनावरांच्या दवाखान्यातला व्रणोपचारक,
चिरलेल्या जिभांना जांभळं औषध लावत
पंधरा वर्षं गप्प राहिलेला.

पुलावरून तिने एकेक सोडला तापीत.
मी मोजत होतो.
अकराव्याला हसू आलं दोघांनाही.

सकाळी तळावर एकच ओरड,
"कोन लई गया रे लगाम?"
दहापर्यंत दुकानातला माल संपला.
लोहाराने दोंडाईच्याहून आणखी मागवला,
नगामागे चाळीस रुपये चढवून.
आणि चोर सापडेना म्हणून
राखणीच्या भायसिंगला दोन थोबाडीत,
वर तीन दिवसांची मजुरी कापलेली.

हे आम्ही धरलंच नव्हतं.

चित्रलेखा म्हणाली, पुढच्या वर्षी दुकानच उचलू.
मी म्हणालो, आधी त्या पोराची मजुरी.
तिने पाकीट काढलं. त्याने नोटा मोजल्या,
आमच्याकडे बघितलं,
आणि काही विचारलं नाही.
ते विचारलं असतं तर बरं झालं असतं.

चूक की बरोबर, मला अजून ठरवता येत नाही.
एवढंच सांगतो:
ती पांढरी घोडी, सुजल्या ओठांची,
नुसत्या दोरीवर उभी होती
भिजवलेला हरभरा चघळत,
सावकाश, दोन्ही गालांनी,

साडेबारापर्यंत.