पाय मोकळे करायला

सोहारच्या माझ्या दवाखान्यात एक रबरी शिक्का आहे,
मीच हौसेनं करवून घेतलेला:
रोज तीस मिनिटे चालणे.
चार वर्षं तो उमटवत आले
मीठ कमी, भात कमी यांच्या खाली,
जांभळ्या शाईत, जरा तिरका.

अन्वर मुकादमच्या फाइलवर तो अकरा वेळा आहे.
परवा मोजला.

अन्वर दाभोळचा. बंदरावर क्रेन चालवतो.
जमिनीपासून चाळीस मीटर वर, काचेच्या पेटीत
बारा तास मान खाली घालून बसतो.
कंटेनर उचलतो, ठेवतो.
साखर या खेपेला नऊच्या वर.
"चालतोस का रे?" मी विचारलं, शिक्का हातात.
तो म्हणाला, "कुठे चालू, मॅडम?"

उलट उत्तर नव्हतं ते. खरंच पत्ता विचारत होता.
खोली ते बस, सत्तर पावलं.
बस ते गेट. गेट ते शिडी, तिथेही आता लिफ्ट.
कँपबाहेर हायवे, हायवेला फूटपाथ नाही,
आणि ऊन असं की कुत्रंसुद्धा
ट्रकच्या सावलीतून उठत नाही.
"गावी जेवल्यावर पाय मोकळे करायला
जेटीपर्यंत जायचो," तो म्हणाला,
"इथे कुणी बांधलेत असं नाही हो.
पण मोकळे करायचे कुठे?"

शीबा कुरियनला फोन लावला.
दोन सिग्नल पलीकडे तिचं फिजिओथेरपीचं सेंटर;
इतकी वर्षं मी तिच्याकडे फक्त गुडघे पाठवले.
ती तिच्या मल्याळी वळणाच्या हिंदीत म्हणाली,
नुसतं 'व्यायाम' लिहू नका, डॉक्टर.
तो शब्द घेऊन माणूस माझ्या दारापर्यंत येतो
आणि दारातूनच परत जातो.
छाती तपासलीत का, लिहा. तळव्याला चटका कळतो का, लिहा.
ड्यूटी कुठली, सुट्टी कधी, बूट आहेत का.
आणि घाबरतो कशाला.
ते कुणीच लिहीत नाही.

मी शिक्का ड्रॉवरमध्ये टाकला
आणि विचारत बसले.
बाहेर नऊ पेशंट खोकत होते.

चिठ्ठी अशी झाली:
वय एकेचाळीस. ईसीजी ठीक.
डाव्या अंगठ्याला बधिरपणा, अनवाणी चालवू नये.
रात्रपाळी आठवड्याआड.
बूट सेफ्टीचे, तेवढेच.
भीती, लोक हसतील.
पूर्वी आट्यापाट्या. सूरपाटी याच्याकडे असायची.

शेवटची ओळ वैद्यकीय नाही.
शीबानं तीच आधी वाचली.

शुक्रवारी सकाळी सातला
हायपरमार्केटचं शटर अर्धं वर असतं, एसी चालू,
गिऱ्हाईक नाही.
सालिम अल-बलूशी, रिटायर मास्तर, दिशदाशा सावरत पुढे,
मागे सातआठ जण,
ट्रॉल्यांच्या रांगेपासून मासळीच्या काउंटरपर्यंत
आणि परत.
अन्वर पहिल्यांदा सगळ्यांत मागे चालला म्हणे,
दिव्यांच्या माळांकडे बघत.

दुसऱ्या शुक्रवारी शीबाचा फोन:
"तुमचा माणूस आला नाही."
माझा?
फाइल काढली. रात्रपाळी.
मीच लिहिलेलं, मीच विसरलेले.
मग त्याच्यासाठी बुधवारची संध्याकाळ शोधली तिनं,
कॉर्निशवर, मगरिबनंतर.

तीन महिन्यांनी साखर उतरली, थोडी. फार नाही.
नवे बूट मात्र त्यानं खुर्चीखालून
पुढे सरकवून दाखवले.
आणि या वेळी तो एकटा नव्हता.
सोबत लोकमान, नेपाळचा,
जहाजावर कंटेनर बांधणारा, प्रेशर एकशे साठ.
"यालापण चिठ्ठी द्या," अन्वर म्हणाला,
"शिक्का नको."

मी पेन उघडलं. पूर्वी काय करायचास?
लोकमाननं बराच वेळ
भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे पाहिलं.
"पोहायचो," म्हणाला. "नदीत."

समुद्र इथून दोन किलोमीटर,
बंदराच्या तारेच्या जाळीपलीकडे.

मी लिहिलं: पोहायचा. नदीत.
पत्त्याची जागा कोरी ठेवली
आणि शीबाचा नंबर लावला.