पावती

झांबियाच्या तांबेपट्ट्यात, बाजाराच्या कडेला
बाना-लुबुतो टोमॅटोची रास लावते न लावते
तोच कासोंदे हजर, काखेत पावतीपुस्तक.
दोन क्वाचा. रोजचे.
विक्री होवो न होवो.

मागून तांब्याचे ट्रक जातात.
टोमॅटोवरची धूळ ती कमरेच्या चितेंगेने पुसते.

खाण म्हणे अकरा वर्षं तोट्यात.
नफा राहतो दूर, बर्फातल्या गावी,
तळ्याकाठच्या एका टपालपेटीत,
जिथे तांब्याचा कणही
कधी उतरला नाही.

"तोट्यात तर मीही आहे," ती म्हणते,
"मला कुठे मिळेल तसली पेटी?"
कासोंदे हसत नाही.
त्याचा पगारही कापूनच हातात येतो.
तो कार्बन सरकवतो, पावती फाडतो.

घडी घालून ती कनवटीला लावते.
घरी पिठाच्या डब्यात सात वर्षांच्या आहेत,
कुणी हिशेब मागितलाच तर.