पुन्हा बर्फ पडला

तेरा जानेवारीला आम्ही खिडकीतले कागदी तारे उतरवतो.
नाताळ त्या दिवशी रीतसर संपतो.
अंगावरचा राहतो.

माझा साडेसहा किलो राहिला.
डुकराच्या बरगड्या, कुरकुरीत सालीसकट,
सात डब्यांत सात तऱ्हेची बिस्किटं
(सहाच केली तर सासूबाई थडग्यातून उठून मोजायला येतील)
आणि मार्झिपानचं ते गुलाबी डुक्कर,
जे कुणीतरी संपवायलाच हवं म्हणून
मी रात्री एकटीनं, दिवा न लावता संपवलं.
नोव्हेंबरच्या शेवटी इथला सूर्य जातो
आणि दोन महिने तोंड दाखवत नाही.
मीही आरशाला दाखवत नाही.

मी बोर्गहिल्ड. वय चोपन्न.
ट्रोम्सोच्या नगरपालिकेचा बर्फ काढायचा ट्रक चालवते.
केबिनला तीन लोखंडी पायऱ्या.
ऑक्टोबरात दम खायला मी तिसरीवर थांबायचे,
आता दुसरीवर.
डॉक्टरनं बरंच काही सांगितलं,
गुडघा, साखर, रक्ताचे आकडे.
पायरी थोडकं बोलते.

पहिल्या आठवड्यात उत्साह दांडगा.
गॅरेजच्या भिंतीवर योस्टाइननं तक्ता लावला,
नावं, किलो, लाल पेन.
म्हणाला, काट्यानंच काटा काढू,
रोज सकाळी वजनकाट्यावर उभं राहायचं, बस्स.
दुसऱ्या आठवड्यात तक्त्याचा एक कोपरा सुटला.
मग योस्टाइन सुटला,
सुट्या भागांच्या खोलीत, दालचिनीच्या पावासकट सापडला.
हसले मी. आणि घरी जाऊन
आपला काटा न्हाणीघरात पालथा घातला.
दोन दिवस त्याच्याशी अबोला.

तिसऱ्या दिवशी पहाटे चारला
पुलापासून शाळेपर्यंतचा रस्ता साफ केला,
वळून आले,
तर मागे पुन्हा बोटभर पांढरं.
वीस हिवाळे हेच चाललंय.
एकदाही वाटलं नाही की मी हरले,
की आता राहू दे, वसंतात बघू.
पहाटे चारला उत्साहाची वाट कोण बघतं?
किल्ली फिरवायची. पातं खाली सोडायचं.
कुणी खिडकी उघडून म्हणत नाही,
बोर्गहिल्ड, काल तर काढला होतास ना गं!

एवढंच सुचलं. फार मोठं काही नाही.
घरी आले, काटा सुलटा केला.

तेव्हापासून पाळी संपली की खिळ्यांचे जोडे घालून
बंदरापर्यंत जाते आणि परत येते.
निळ्या उजेडात आस्लाउग भेटते, तिच्या म्हाताऱ्या कुत्र्यासोबत.
आम्ही दोघी मान हलवतो, कुत्रा तेवढंही करत नाही.
जेवायला वाफवलेला कॉड, दोन बटाटे.
तिसऱ्या बटाट्याशी रोज बोलणी होतात,
रोज फिसकटतात, बहुतेक माझ्या बाजूनं.

एकवीस जानेवारीला सूर्य परत येतो.
सगळं गाव त्या दिवशी सूर्याचा बन खातं,
तळलेला, आत जॅम, वर साखर.
बेकरीसमोर रांग, पोरं शाळेबाहेर,
सगळ्यांची तोंडं दक्षिणेच्या डोंगराकडे.
ढग होते.
सूर्य आला, असं रेडिओनं सांगितलं.

मी अर्धाच खाल्ला असता
तर सांगायला बरं झालं असतं.
पूर्ण खाल्ला. जॅम कॉलरवर सांडला, तोही पुसून खाल्ला.
दुसरा ओड्वारसाठी घेतला,
आणि तो ओड्वारलाच दिला.
लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, त्याला हे नवीन होतं.
तो पिशवीत डोकावून म्हणाला, बरी आहेस ना?

दुसऱ्या दिवशी काटा तीनशे ग्रॅम वर.
बाहेर पाहिलं, रात्रभर पडला होता,
गुडघाभर,
जणू मी वीस वर्षांत काही केलंच नाही.

जोडे घातले.
केबिनच्या दुसऱ्या पायरीवर थांबले,
हो, थांबलेच.
पण या खेपेला हातमोजा दांडीला चिकटण्याआधी
निघाले.