अनामत

करंजमाळ आता शोधू नका.
कलेक्टर कचेरीतल्या नव्या नकाशावर
तिथं तीन रंग एकमेकांना भेटतात,
आणि नेमकी तिथंच टाचणी टोचलीय.

निवडणूक शाखेत मी एकतीस वर्षं कारकुनी केली.
माझ्या आधी गोसावी अण्णा.
यातलं अर्धं त्यांच्या तोंडचं,
अर्धं माझ्या हातच्या लाखेखालचं.

बावन्न साली प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी.
शिडीची पेटी, उंटाची पेटी.
नाशकात मोजणीला उघडल्या,
तर उंटाच्या पेटीत मतांबरोबर
हळदकुंकू, झेंडूची दोन फुलं
आणि एक चिठ्ठी : विहिरीला पाणी लागू दे.
अण्णांनी ती अवैध मतांत धरली.

त्याच वर्षी यादीतून चारशे बाया गळाल्या.
नाव विचारलं तर म्हणाल्या, दामूची आई,
म्हणाल्या, धाकट्या पाटलाची.
असं नाव चालत नाही, म्हणाला कायदा.
सत्तावन्नला त्यातली एक रांगेत आली,
मोठ्यांदा म्हणाली, सगुणा.
मग कोणी विचारलं नसताना
पुन्हा एकदा : सगुणा.

पुढं दगडूजी खांडबहाले तीनदा.
मग त्यांचे जावई.
मग जावयाविरुद्ध दगडूजींचा मुलगा,
आणि लेकीनं मत कोणाला दिलं
यावर करंजमाळच्या बाजारात पैजा,
ज्या अजून फिटलेल्या नाहीत.

अठ्ठ्याहत्तरला बरोबरी झाली.
मला नोकरीला लागून चारच महिने.
दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं,
साहेबांनी चहाची किटली रिकामी करून धुवायला सांगितली
आणि दोन चिठ्ठ्या आत टाकल्या.
सुमनताई गायधनी हरल्या.
पदर सावरत हसल्या, म्हणाल्या,
किटलीतच हात घालायचा होता
तर दीड महिना उन्हात कशाला फिरवलंत?

त्र्याऐंशीत उंबरदहाड धरणाखाली गेलं.
यादीत मात्र तसंच राहिलं :
केंद्र क्रमांक सत्तेचाळीस,
जिल्हा परिषद शाळा, पूर्वेकडील खोली.
पुढच्या निवडणुकीला आम्ही काठावर तंबू ठोकला.
मतदार यायचे, आधी पाण्याकडं बघायचे,
कुठं होती ती खोली ते एकमेकांना दाखवायचे,
मग बोट पुढं करायचे शाईला.

मग यंत्रं आली. लाख गेली, शिट्टीसारखा आवाज आला.
आणि माझ्या निवृत्तीच्या साली
पुनर्रचनेचं राजपत्र.
करंजमाळ : वगळले.
एवढंच. पूर्णविरामसुद्धा नीट उमटला नव्हता.

गठ्ठे बांधताना बासष्टच्या फायलीत
एक पावती सापडली.
यमाजी टोंगारे, मु. भातखळी, निशाणी कुऱ्हाड,
अनामत रुपये एकशे पंचवीस.
पडले होते ते. पण जप्त व्हायची नव्हती :
सहाव्या हिश्शाच्या वर नऊ मतं होती त्यांना.
पैसे न्यायला आलेच नाहीत.
अण्णांनी दोनदा कार्ड टाकलं,
तिसऱ्यांदा म्हणे गाठून सांगितलं.
राहू द्या, म्हणाले यमाजी,
पुढल्या वेळी पुन्हा आणायला नकोत.
पुढल्या वेळेआधीच ते गेले.

भातखळीचं आता घर एका मतदारसंघात,
वावर दुसऱ्यात. ओढा हीच हद्द.
त्यांचा नातू दिंडोरी रस्त्याच्या पॅकहाउसवर भेटला,
द्राक्षांच्या पेट्यांना पट्टी मारत होता.
मला वाटलं, व्याज विचारेल.
पावती उलटसुलट केली त्यानं,
हात पँटला पुसून परत वाचली.
नऊ मतं वर, म्हणाला,
ती कोणाची होती?

गुप्त असतं ते, मी म्हणालो.
एकतीस वर्षं हेच सांगत आलोय.
तो पावती धरून उभाच होता,
मागं पट्ट्यावरून पेट्या पुढं सरकत होत्या
आणि एकीलाही पट्टी नव्हती.